बावीस सह्या

माझा मधला भाऊ कुणाच्या घरी दुःखाच्या भेटीला गेला की आधी तारीख विचारतो. "कसे गेले", "फार त्रास झाला का", असलं काही त्याच्या तोंडून निघतच नाही. एकदा शेजारच्या बाईंचे यजमान गेले. बाई भिंतीला टेकून बसलेल्या, आणि हा मान खाली घालून हळूच विचारतोय, "आज पहाटे की काल?" कारण आदला दिवस आर्थिक वर्षातला शेवटचा होता. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "अगं, नंतर त्यांनाच निस्तरावं लागतं," असं तो मलाच समजावत होता.

गेलेल्या माणसांची आयकराची विवरणपत्रं भरणं हा त्याचा धंदा. माणूस जातो, पण त्याच्या घराचं भाडं येत राहतं, ठेवीवरचं व्याज चढत राहतं. वारसांनी वाटून घेईपर्यंत ती मालमत्ताच करदाती होऊन बसते, आणि 'दिवंगत अमुक यांची इस्टेट' अशा नावानं दरवर्षी तिचं रिटर्न भरावं लागतं. कुणी मागे ट्रस्ट ठेवून गेलेला असतो, त्याचंही तसंच. बाकीचे सल्लागार हे काम टाळतात, कटकट फार आणि फी कमी म्हणून. भाऊनं आयुष्यभर तेच केलं. आमच्या रस्त्यावर त्याला सगळे 'मयतवाले' म्हणायचे. पोस्टमनसुद्धा. त्या नावानं हाक मारली तरी हा ओ द्यायचा, वर हसायचा.

मला त्याचा राग येतो. अजून येतो. आधी झालं काय ते सांगून टाकते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. आम्ही भावंडं तिघं. थोरला दादा, मधला भाऊ आणि शेंडेफळ मी. वडिलांनी राहतं घर भाऊच्या नावे लिहून ठेवलं होतं. ते घर आता त्याचं नाही. तो आणि वहिनी कुठल्याशा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, आणि घराच्या किमतीचा तिसरा हिस्सा माझ्याकडे आला. हे कसं घडलं ते मला कुणी विचारलेलं नाही. दादाच्या घरी विचारायची सोय नाही आणि भाऊच्या घरी गरज नाही. म्हणून आपणहून लिहितेय.

घर दुमजली होतं. खाली दोन दुकानं भाड्यानं दिलेली, एक घड्याळवाल्याचं, एक कापडवाल्याचं. दोन्हींच्या मध्ये एक चिंचोळी खोली, तीच भाऊचं ऑफिस. भिंतीला लोखंडी कपाट, त्यात पुठ्ठ्याच्या फायली, प्रत्येक फायलीवर नाव आणि खाली लाल शाईनं मृत्यूची तारीख. येणाऱ्यासाठी एकच खुर्ची, पण हातांची. "इथून उठताना माणसं आधार शोधतात," असं तो म्हणायचा. स्वतः मात्र स्टुलावर बसायचा आणि पाठ दुखते म्हणून वहिनींकडून तेल चोळून घ्यायचा.

या धंद्यात एक रीत आहे. नवा फॉर्म समोर घ्यायचा, मागच्या वर्षीचा शेजारी ठेवायचा, आणि जे बदललं नसेल ते जसंच्या तसं उतरवायचं. त्याला ते लोक 'मागचं पुढे' म्हणतात. नाव मागचं पुढे, पत्ता मागचं पुढे, वारस मागचं पुढे. आकडे तेवढे नवे. भाऊला या रीतीचा भयंकर तिटकारा. तो प्रत्येक अशिलाला समोर बसवून रकाना न् रकाना मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि प्रत्येक रकान्याला विचारायचा, "यात काही बदल?" एका लोखंडवाल्याची विधवा अकराव्या वर्षी वैतागली. "अहो, मृत्यूची तारीख तीच का म्हणून काय विचारता? मधे येऊन परत गेले की काय ते?" भाऊ म्हणाला, "तसं नाही हो बाई, पण विचारलेलं बरं." असा तो. चाळीस वर्षांत त्याचं एक रिटर्न परत आलं नव्हतं. कर कार्यालयातले कारकून म्हणे त्याची सही दिसली की पान उलटून बघत नसत. या एका गोष्टीची त्याला घमेंड होती, आणि दुसरी कुठलीच नव्हती.

एका मुलीचा ट्रस्टही त्याच्याकडे होता. मुलगी म्हणायची, पण आता चाळिशीची आहे. बोलता येत नाही, आईबाप जाऊन फार वर्षं झाली, एका निवासी संस्थेत राहते. आईबापांनी तिच्यापुरते पैसे ट्रस्टमध्ये ठेवले आणि भाऊला विश्वस्त नेमलं. ती हयात आहे आणि पैसे तिच्यावरच खर्च होताहेत, असा दाखला दरवर्षी रिटर्नसोबत लागतो. बाकीचे लोक फोनवर चौकशी करून दाखला लिहितात. हा बस बदलून जायचा, तासभर तिच्याशेजारी बसायचा. ती त्याच्या पेनाचं टोपण काढून मुठीत धरायची ते परत द्यायची नाही. म्हणून जाताना तो एक जास्तीचं पेन घ्यायचा. फी शून्य. "यांच्या अशिलांत जिवंत ती एकटीच," असं वहिनी चिडवायच्या.

आता वडिलांचं. बाबा शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं भाऊ आणि वहिनींनी केलं. सगळं म्हणजे सगळं, त्यात काय काय येतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत. दादा रविवारी फळं घेऊन यायचा आणि घड्याळ बघून जायचा. मी जमेल तेव्हा यायचे, आणि मला फार कमी वेळा जमायचं. अशीच एका दुपारी गेले होते. बाबांनी पॅड मागून घेतलं आणि स्वतःच्या हातानं मृत्युपत्र लिहिलं. डॉक्टरांचा कंपाउंडर इंजेक्शन द्यायला आला होता, त्याची आणि खालच्या घड्याळवाल्याची साक्षीदार म्हणून सही घेतली. ते दोघं गेल्यावर मला वाचून दाखवलं. घर मधल्याचं. ठेवी थोरल्याच्या आणि धाकटीच्या. आई आहे तोवर भाडं आणि व्याज सगळं आईचं.

"ठीक आहे ना गं?" बाबांनी विचारलं.

"ठीक आहे, बाबा. न्यायाचंच आहे," मी म्हणाले. 'न्यायाचंच' हा शब्द माझा. कुणी माझ्या तोंडात घातला नव्हता.

बाबा गेले. पाचेक महिन्यांनी इस्टेटीचं पहिलं रिटर्न भरायची वेळ आली. भाऊ वरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरून बसला होता, आणि दादा मुद्दाम त्यासाठीच आला होता. मी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तेव्हा जे बोलणं झालं ते मी शब्दन् शब्द ऐकलंय.

"'मृत्युपत्र आहे का' असं विचारलंय," भाऊ म्हणाला.

"नाही लिही," दादा म्हणाला.

"नाही कसं? आहे की."

"आहे रे बाबा, कोण नाही म्हणतंय? पण 'आहे' लिहिलंस की ते कोर्टात न्या, सिद्ध करा, जाहिरात द्या. आईच्या कानावर जाणार. पाच महिने झाले नाहीत तोवर पोरांनी घर वाटलं, असं वाटेल तिला. घर तुझंच आहे, ते कोण मागायला बसलंय? आई आहे तोवर राहू दे 'नाही'. पुढे बघू."

वहिनी मध्ये पडल्या. तशा त्या दादासमोर बोलत नसत. भाऊलाच म्हणाल्या, "अहो, दुसऱ्या कुणाचं असतं तर लिहिलं असतंत का तुम्ही?"

"या एका वर्षापुरतं गं," भाऊ म्हणाला, आणि त्यानं लिहिलं. मृत्युपत्र: नाही. वारस: पत्नी आणि तीन मुलं, समान हिस्से. खाली छापलेलं होतंच, की वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. त्याखाली सही.

दादाचा शब्द त्यानं लहानपणापासून कधी मोडला नव्हता. एकदा दादानं त्याला विहिरीत ढकललं, तर हा आपला आपण वर आला आणि घरी सांगितलं, पाय घसरला. अशा माणसाला भोळा म्हणतात, मी तरी मूर्ख म्हणते.

पुढच्या वर्षी त्यानं काय केलं? नवा फॉर्म समोर घेतला, मागचा शेजारी ठेवला आणि उतरवून काढला. जगाला रकाना न् रकाना वाचून दाखवणारा माणूस, आमचा फॉर्म तेवढा 'मागचं पुढे'. तो वाचून दाखवणार कुणाला? आई आत झोपलेली असायची. स्वतःला मोठ्यानं वाचून दाखवायची त्याला लाज वाटत असणार. तिसऱ्या वर्षी तेच, दहाव्या वर्षी तेच. एक वर्षापुरतं लिहिलेलं 'नाही' बावीस वर्षं पुढे जात राहिलं, आणि दरवर्षी त्याखाली एक नवी सही.

आई वीस वर्षं जगली. तिच्या आजारपणात ठेवी जवळजवळ संपल्या. ती गेल्यावरही भाऊ घराचा विषय काढेना, आणि दादाही काढेना, त्यामुळे दोन वर्षं बरी गेली. मग शेजारची घरं पाडून तिथे बारा मजली इमारत उभी राहिली आणि त्याच बिल्डरची माणसं आमच्या घराची किंमत विचारायला आली. दादाच्या मुलाचा कारखाना तेव्हा गाळात गेला होता. महिन्याभरात भाऊच्या हातात दादाच्या वकिलाचं पत्र पडलं. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही, सबब घर विकून तिघांत समान वाटणी व्हावी.

भाऊनं उलट उत्तर पाठवलं की मृत्युपत्र आहे आणि ते माझ्याकडे आहे. त्याला वाटलं, दादा विसरला असेल.

मला दादाचा फोन आला. तो गोड बोलला नाही की दमदाटी केली नाही, हिशेब सांगितला. "मृत्युपत्र निघालं तर तुझ्या वाट्याला ठेवी. ठेवींत आता काय राहिलंय ते तुला ठाऊक आहे. घर वाटलं गेलं तर तिसरा हिस्सा. तुला काही खोटं बोलायचं नाहीये. बोलायचंच नाहीये."

त्या आठवड्यात माझ्या नवऱ्याच्या दुकानावर बँकेची नोटीस आली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही, कारण नोटीस नसती तरी मी काय केलं असतं याची मला खात्री नाही. मी मनाशी ठरवलं, कुणी सरळ विचारलं तर खरं सांगेन. असं ठरवलं की झोप लागते.

वकिलाच्या ऑफिसात सकाळी अकरा वाजता बसलो. लांबट टेबल, खिडकीत कुंडीतलं एक वाळलेलं झाड, भिंतीवर कसल्याशा परिषदेचे फोटो. एका बाजूला दादा आणि वकील, समोर भाऊ आणि वहिनी. मी टोकाला. भाऊनं बॅगेतून बाबांचा कागद काढून टेबलावर ठेवला. वकिलानं तो नीट वाचला. आदरानंच वाचला.

"साक्षीदार?"

"दोघंही वारले," भाऊ म्हणाला, आणि सवयीनं दोघांच्या तारखा सांगितल्या.

"मग हा कागद लिहिला जाताना कुणी पाहिलंय? किंवा वडिलांच्या तोंडून ऐकलंय?" वकिलानं टेबलाभोवती नजर फिरवली. दादावरून, वहिनींवरून, माझ्यावरून.

हाच तो सरळ प्रश्न होता. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाखालची ओली गोल खूण बोटानं पुसत बसले. पुसून झाली तरी पुसत राहिले. भाऊनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं बघितलं असतं तर, असं मी पुष्कळदा म्हणते. खरं म्हणजे तो बघत नव्हता ते मला सोडवायलाच.

मग वकिलानं गठ्ठा काढला. बावीस रिटर्नं, साक्षांकित प्रती, वर्षवार लावलेल्या. "या सह्या तुमच्याच?"

"माझ्याच."

"बावीसच्या बावीस ठिकाणी 'मृत्युपत्र नाही' असं आहे. हे बघा, एक तर हा कागद खरा, नाहीतर या सह्या खऱ्या. कागद खरा म्हणालात तर मला कर कार्यालयाला कळवावं लागेल की तुम्ही बावीस वर्षं खोटं लिहून दिलंत. त्यानंतर कर सल्लागार म्हणून तुमच्या नोंदणीचं काय होतं आणि तुम्ही सही केलेल्या बाकीच्या फायलींचं काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

भाऊनं चष्मा चढवला आणि पहिल्यापासून एकेक प्रत उलटायला लागला. आम्ही सगळे बसून राहिलो. त्याला घाई करायची कुणाची छाती झाली नाही. अर्धा तास तरी गेला असेल. तेवढ्या वेळात मी म्हणू शकले असते, की 'नाही' लिही असं दादानं सांगितलं, मी दारात उभी होते. घर वाचलं असतं की नाही कोण जाणे, पण सगळा दोष त्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहिला नसता. शेवटची प्रत बघून त्यानं गठ्ठा सारखा केला, कडा जुळवल्या.

"सह्या खऱ्या आहेत," तो म्हणाला.

"अहो!" वहिनी एवढंच म्हणाल्या. दादानं खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं.

का म्हणाला असेल तो तसं? वहिनी म्हणतात, त्या मुलीसाठी. नोंदणी गेली असती तर तिचा ट्रस्ट भलत्याच कुणाच्या हाती गेला असता. दादा बाहेर सांगत फिरतो की कागदच खोटा होता. मला वाटतं मुलगी होतीच, पण त्यासोबत घमेंडही होती. आपली सही खोटी ठरते हे त्याला सहन होत नव्हतं. राहतं घर गेलेलं चाललं, सही गेलेली चालली नाही. आणि ती सही खोटीच होती, हे त्या खोलीत चौघांना पक्कं माहीत होतं. म्हणून मला त्याचा राग येतो. एवढा नाकासमोर चालणारा माणूस, एकदा खोटं लिहिलं ते भावाच्या शब्दाखातर, आणि पुन्हा खोटं बोलला ते पहिलं खोटं झाकायला. मधल्यामध्ये वहिनींचं घर गेलं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

घर विकलं. इस्टेटीचं शेवटचं रिटर्न भाऊनंच भरलं आणि आम्हा प्रत्येकाला आपापल्या हिश्शाचा तक्ता टाइप करून पाठवला. एका पैशाची चूक नाही. त्याच्या हिश्शात त्या भागात घर येणं शक्य नव्हतं. उतारवयात रोज तीन जिने. फायलींचं कपाट वर चढेना म्हणून विकून टाकलं आणि फायली पलंगाखाली गेल्या.

सहा महिन्यांनी मी त्याच्याकडे गेले. माझ्या हिश्शातून बँकेची नोटीस मिटवून जे उरलं होतं त्यातल्या अर्ध्याचा चेक घेऊन गेले होते. जाताना स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. वहिनींनी पाणी दिलं आणि दारापाशी उभ्या राहिल्या. मी चेक टेबलावर ठेवला.

"हे काय?" भाऊ म्हणाला.

"तुझ्यासाठी."

"माझा हिस्सा मला मिळालाय."

"असू दे रे. लागेल तुम्हाला."

त्यानं चेक हातात घेतला, आकडा वाचला. "घ्यायचं तर दाखवावं लागेल. तुझ्या रिटर्नमध्ये आणि माझ्याही. काय म्हणून दाखवू? तू सांग."

आणि तो थांबला. असा तो कुणासाठी थांबलेला मी पाहिला नव्हता. बाबांचं नाव त्यानं काढलं नाही, वकिलाकडच्या त्या टेबलाचंही काढलं नाही. 'तुझंच होतं, परत देतेय' एवढं मी म्हणायला हवं होतं. कागदावर नसतं लिहिलं तरी चाललं असतं त्याला, माझ्या तोंडून ऐकायचं होतं. पण माझ्या डोक्यात आलं की असं काही लिहिलं गेलं तर उरलेलं अर्धंही परत करावं लागेल.

"बक्षीस लिही," मी म्हणाले. "बहिणीकडून भावाला."

भाऊनं चेक माझ्याकडे सरकवला. आवाज चढला नाही त्याचा.

"बक्षीस द्यायला त्यातलं तुझं काय होतं?"

मी चेक पर्समध्ये ठेवला आणि जिना उतरले. तो मी फाडून टाकला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण फाडला नाही. त्याच आठवड्यात ते पैसे दुकानाच्या उरलेल्या कर्जात भरले. कर्ज फिटलं. भाऊकडे मी त्यानंतर गेलेले नाही.